चलन एक, मने दोन : नाशिकच्या नोटांचा विसरलेला धडा

पाकिस्तानच्या अगदी पहिल्या नोटा कोठे छापल्या गेल्या, असा प्रश्न कोणाला विचारला तर कराची, लाहोर किंवा फार तर लंडन असे उत्तर मिळेल. खरे उत्तर आहे नाशिकरोड. १९२८ पासून भारताच्या नोटा छापणाऱ्या आपल्या नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयातच पाकिस्तानच्याही पहिल्या नोटा तयार झाल्या. १ एप्रिल १९४८ पासून त्या चलनात आल्या. दिसायला हुबेहूब भारतीय. तेच सहाव्या जॉर्जचे चित्र, तीच रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया. फरक एवढाच की, इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरे त्यांवर जादा उमटवलेली. त्याच दिवसांत काश्मीरमध्ये भारताचे जवान पाकिस्तानने पाठबळ दिलेल्या टोळ्यांशी झुंजत होते. सीमेवर ज्या राज्याशी रक्त सांडून लढायचे, त्याच राज्याच्या तिजोरीचा कागद गोदाकाठच्या यंत्रांवर छापून द्यायचा, असा हा अजब व्यवहार होता.

ही हकिगत खुद्द नाशिककरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. ती येथे सांगायची ती केवळ गंमत म्हणून नव्हे. चलन एक केले की माणसे आपोआप एक होतात, अशी एक गोंडस समजूत गेली कित्येक दशके आपल्याकडच्या विद्वत्सभांतून मांडली जाते. कधी दक्षिण आशियाच्या सामाईक चलनाचे स्वप्न दाखवले जाते, कधी युरोपच्या युरोचा दाखला दिला जातो. दुसऱ्या टोकाला, भारतातील राज्यांवर दिल्लीचे एकच चलन लादले गेल्यामुळे राज्यांची पिळवणूक होते, असा सूर लावणारेही आहेत. दोन्ही बाजूंनी गाडीपुढे घोडा न जुंपता घोड्यापुढे गाडी जुंपली आहे. चलनाने राष्ट्र घडत नाही. राष्ट्र असेल तरच एक चलन टिकते. १९४७-४८ साली हा धडा आपण पुरेशी किंमत मोजून शिकलो होतो. तो विसरल्यामुळेच आज महाराष्ट्राच्या तिजोरीशी चाललेला खेळही आपल्याला दिसेनासा झाला आहे.

एक बँक, दोन मालक

फाळणीच्या वेळी सैन्याची वाटणी झाली, रेल्वेच्या डब्यांची झाली, सरकारी कचेऱ्यांतील खुर्च्या-टेबलांचीही झाली. चलनाची वाटणी मात्र एका रात्रीत होण्यासारखी नव्हती. पाकिस्तानकडे मध्यवर्ती बँक नव्हती, नोटा छापण्याचा कारखाना नव्हता. म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये एका आदेशाद्वारे अशी व्यवस्था करण्यात आली की, ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया हीच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहील. तोपर्यंत भारतीय नोटा पाकिस्तानातही कायदेशीर चलन राहतील, एप्रिलपासून ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरे असलेल्या नोटा काढल्या जातील आणि मग पाकिस्तान आपली वेगळी बँक स्थापन करील. कागदावर ही योजना शहाणपणाची दिसत होती.

पण मध्यवर्ती बँक म्हणजे केवळ नोटा छापणारा कारखाना नव्हे. ती सरकारची सावकार असते आणि खजिनदारही असते. कराचा पैसा तिजोरीत येण्याआधी पगार द्यायचे असतील तर सरकार तिच्याकडूनच तात्पुरती उचल घेते. आता अशी कल्पना करा की, एकाच पेढीवर दोन भावांची खाती आहेत, दोघांत फौजदारी चालू आहे, आणि एकाने काढलेली हुंडी दुसऱ्याच्या दुकानातही वटते. एका सरकारला हात सैल करून उचल दिली तर तो वाढीव पैसा दोन्ही बाजारांत फिरणार आणि महागाई दोघांच्या प्रजेने सोसायची. उचल नाकारली तर ‘बँक पक्षपाती आहे’ असा आरोप ठरलेला. पेढीवरचा मुनीम कितीही सचोटीचा असो, त्याची कोंडी अटळ आहे.

हा मुनीम योगायोगाने मराठी होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ पासून त्या पदावर होते. पुढे केंद्रीय अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये ज्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले, तेच हे चिंतामणराव. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तरीही पाकिस्तानने त्यांच्या बँकेवर भारत सरकारच्या दबावाखाली वागत असल्याचा ठपका ठेवलाच. दोष व्यक्तीचा नव्हता, रचनेचा होता. दोन राष्ट्रांच्या दोन निष्ठा एका खातेवहीत मावत नाहीत, हे त्या रचनेने गृहीतच धरले नव्हते.

पंचावन्न कोटींचा खरा अर्थ

या पार्श्वभूमीवर पंचावन्न कोटींचे प्रकरण पाहावे लागते. अविभक्त भारताच्या रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये ठरले. त्यांपैकी २० कोटी प्रारंभीच देण्यात आले, ५५ कोटी राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये वाटणीचा करार झाला. परंतु ऑक्टोबरमध्ये सुरू झालेले काश्मीरवरील आक्रमण थांबलेले नव्हते. दिलेल्या पैशाच्या गोळ्या होऊन त्या आपल्याच जवानांच्या छातीत घुसतील, ही सरदार पटेलांची भूमिका होती आणि काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत रक्कम रोखून धरण्याचे त्यांनी १२ जानेवारी १९४८ रोजी जाहीरपणे सांगितले होते. १३ जानेवारीला गांधीजींचे उपोषण सुरू झाले. १५ जानेवारीला मंत्रिमंडळाने रक्कम देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर पंधरा दिवसांनी गांधीजींची हत्या झाली. त्या निंद्य कृत्याने देशाची जी अपरिमित हानी केली, तिच्यात या छोट्या हानीचीही भर पडली की, पंचावन्न कोटींचा शांतपणे विचार करण्याची वाटच बंद झाली. तेव्हापासून हा विषय निघाला की एक बाजू वचनपालनाची महती गाते आणि दुसरी बाजू शत्रूला पोसल्याचा संताप व्यक्त करते. ही रक्कम अशा गळफासाच्या रूपात आपल्यासमोर आलीच का, हा मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही.

तो विचारला म्हणजे उत्तर स्पष्ट दिसते. दोन्ही सरकारांचे खाते एकाच बँकेत होते म्हणून. पाकिस्तानची स्वतंत्र बँक, स्वतंत्र चलन पहिल्या दिवसापासून असते तर वाटणीची थकबाकी ही दोन देशांमधली नेहमीसारखी येणी-देणी ठरली असती. तिच्यासाठी वाटाघाटी झाल्या असत्या, लवाद नेमले गेले असते. पण येथे पैसा रोखला की कराचीतील नव्या सरकारचे पगार अडकणार आणि त्याचे खापर रिझर्व्ह बँकेवर फुटणार. पैसा दिला की तोच युद्धात खर्च होणार. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही अवस्था मुळात एकचलनाच्या त्या व्यवस्थेने निर्माण केली होती. पटेलांना हे कळत होते. त्यांच्या विरोधामागे हट्ट नव्हता, राज्यकर्त्याची जाण होती.

अखेर व्हायचे तेच झाले. ठरलेल्या मुदतीआधी तीन महिने, १ जुलै १९४८ रोजी, स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली आणि दोन देशांची सामाईक मध्यवर्ती बँक अवघ्या साडेदहा महिन्यांत इतिहासजमा झाली. पुढच्याच वर्षी त्यावर कळस चढला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, भारताने त्याच प्रमाणात रुपया उतरवला. पाकिस्तानने मात्र नकार दिला. दोन वर्षांपूर्वी ज्यांचा रुपया एकच होता, त्यांच्यापैकी एकाचे १०० रुपये आता दुसऱ्याच्या १४४ रुपयांच्या बरोबरीचे झाले. भारताने हा दर मानण्याचे नाकारले, व्यापार ठप्प झाला आणि पूर्व बंगालच्या तागावर चालणाऱ्या कलकत्त्याच्या गिरण्यांचा कच्चा माल अडला. १९५१ च्या फेब्रुवारीत व्यापारी करार होईपर्यंत हा पेच चालू राहिला.

या व्यवहाराची एक शेवटची ओळही वाचकांनी ध्यानात ठेवावी. फाळणीच्या वेळी अविभक्त भारताच्या सार्वजनिक कर्जाची सर्व जबाबदारी भारताने उचलली होती आणि पाकिस्तानने आपला वाटा भारताला हप्त्यांनी फेडायचा, असे ठरले होते. ते पैसे आलेच नाहीत. सुमारे ३०० कोटींची ती येणी भारताच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत कित्येक दशके दाखवली जात राहिली. आपण द्यायचे ५५ कोटी नैतिकतेच्या कसोटीवर घासले गेले. आपल्याला यायच्या ३०० कोटींवर मात्र कोणी उपोषण केले नाही, परिसंवादही घेतला नाही!

मनमाडच्या पलीकडचा रुपया

नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच काळात आणखी एक नाट्य चालू होते. मनमाडहून निजामाच्या रेल्वेने पुढे निघाले की हाली सिक्क्याचा मुलूख सुरू होई. इंग्रजी अमलातला रुपया तो ‘कलदार’ आणि निजामाचा तो ‘हाली’. साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशेब. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी हे शब्द अगदी अलीकडेपर्यंत होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि त्या कराराची शाई वाळण्याआधीच हैदराबाद सरकारने भारतीय चलन आपल्या राज्यात कायदेशीर राहणार नाही, असा हुकूम काढला. त्याच्या जोडीला पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले, आणि तेही भारत सरकारच्याच कर्जरोख्यांच्या रूपाने! रझाकारांची दहशत गावोगाव चालू असताना निजामाच्या खजिन्याने उचललेली ही दोन पावले म्हणजे रणगाड्याविना पुकारलेले युद्धच होते. ज्याला या राष्ट्राशी नाते तोडायचे होते, त्याने सर्वप्रथम राष्ट्राचे चलन नाकारले. मनमाडच्या छावणीतून मराठवाड्याचा मुक्तिलढा लढणाऱ्या कार्यकर्त्यांना हा संकेत उमगला होता. दिल्लीतल्या काही मंडळींना तो उमगायला सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

पोलीस कारवाईनंतर काय झाले, हे अधिक बोलके आहे. १९५० पासून भारतीय रुपया तेथे हालीच्या जोडीने आणि त्याच सात-सहाच्या प्रमाणात चालू लागला, पुढे हाली काढणे बंद झाले आणि १९५९ मध्ये तो पूर्णपणे रद्द ठरला. कोठेही दंगल झाली नाही, हाली वाचवण्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. कारण औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या माणसाला कलदार कधी परका वाटलाच नव्हता. परका होता तो हाली काढणारा जुलमी अंमल. कराचीशी एक असलेले चलन दहा महिन्यांत फुटले, आणि मराठवाड्यातले वेगळे असलेले चलन दहा वर्षांच्या आत गुण्यागोविंदाने एक झाले. दोन्ही ठिकाणी नोटांचा कागद, शाई, हिशेबाची पद्धत सारखीच होती. वेगळे होते ते माणसांचे मन.

अथेन्सच्या दारातील रांग

हेच सत्य पुढे युरोपला नव्याने शिकावे लागले. रॉबर्ट मुंडेल या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच प्रश्न मांडला होता की, एकच चलन कोणत्या प्रदेशाला मानवते? जेथे कामगार एका भागातून दुसऱ्या भागात सहज जाऊ शकतात, तेथे, हे त्याचे मुख्य उत्तर होते. इतर अभ्यासकांनी त्याला जोड दिली की, संकटातल्या भागाला सुस्थितीतल्या भागाने पैसा पुरवण्याचीही तयारी हवी. ग्रीसने २००१ मध्ये युरो स्वीकारला. स्वतःचे चलन गेले, पण खर्चाची सवय गेली नाही. २००९ मध्ये तुटीचे खरे आकडे बाहेर आले. स्वतःचे चलन असते तर ग्रीसला त्याचे मूल्य उतरवून निर्यात स्वस्त करता आली असती. तो दरवाजा बंद होता. उरला एकच मार्ग, पगार आणि निवृत्तिवेतने कापण्याचा. त्यातून राजकारण कोसळले. २०११ मध्ये पंतप्रधान गेले, २०१२ मध्ये दोन महिन्यांत दोनदा निवडणुका झाल्या. २०१५ च्या जूनअखेर बँका बंद करण्यात आल्या आणि यंत्रातून माणशी दिवसाला ६० युरो काढण्यासाठी निवृत्त शिक्षक आणि कारकून अथेन्समध्ये रांगा लावून उभे राहिले. ५ जुलैच्या सार्वमतात जनतेने कर्जदात्यांच्या अटींना ‘नाही’ म्हटले आणि काही दिवसांतच सरकारला त्याहूनही कडक अटी मान्य कराव्या लागल्या.

जर्मनीच्या करदात्याने तेव्हा विचारलेला प्रश्न साधा होता : ‘ग्रीकांच्या चुकांचे पैसे मी का भरू?’ त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता, कारण ग्रीक त्याचा कोणी लागत नव्हता. नोट एक होती, राष्ट्र एक नव्हते. डिसेंबर २००३ मध्ये अटलजींनी दक्षिण आशियाच्या एक चलनाची शक्यता बोलून दाखवली, तेव्हा आपल्याकडच्या शांततावाद्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यांनी सांगितलेला क्रम ऐकला नाही. आधी परस्परांचे आर्थिक हितसंबंध, मग अविश्वासाचा अंत, मग सुरक्षेतले सहकार्य आणि या सर्वांच्या शेवटी चलन, असा तो क्रम होता. कळसाचा दगड पायात घालून मंदिर बांधता येत नाही.

बिहारचा वाटा आणि नाशिकचा करदाता

आता आपल्या देशाकडे पाहा. राज्यघटनेने चलन आणि नाणी हा विषय संघसूचीत घातला. नोटा काढण्याचा अधिकार एकट्या रिझर्व्ह बँकेचा. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, पण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना त्यांतली एकही नोट स्वतःच्या हुकमाने छापून घेता येत नाही. या अर्थाने आपली राज्येही एका चलनसंघाची सदस्य आहेत. मग हा संघ युरोसारखा किंवा १९४७ च्या त्या जोडणीसारखा का तुटत नाही?

कारण येथे बिहारचा मजूर सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला येतो तेव्हा तो परदेशी जात नाही. आणि कारण येथे महाराष्ट्रातून गोळा होणारा कर इतरत्र खर्च होतो, हे आपण मान्य केले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांना द्यायच्या केंद्रीय करांतील सुमारे १० टक्के वाटा बिहारला आणि सुमारे १८ टक्के उत्तर प्रदेशला दिला. प्रत्यक्ष कराच्या वसुलीत आघाडीवर असलेल्या महाराष्ट्राला सव्वासहा टक्क्यांच्या आसपास मिळाला. त्यावर कुरबुर होते, व्हावीही. वाटणीचे सूत्र कसे असावे, याविषयी भांडण्याचा प्रत्येक राज्याला हक्क आहे. पण ‘बिहारचे पैसे मी का भरू?’ असा जर्मन प्रश्न नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराने किंवा देवळालीच्या दुकानदाराने कधी विचारलेला नाही. तो प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. जे बंधन कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही आणि ज्याच्याविना एकही कायदा टिकत नाही, ते हेच. संघराज्याला ‘दिल्लीची वसाहत’ म्हणणाऱ्यांनी या न विचारलेल्या प्रश्नाचे मोल कधी केले आहे काय?

पण बट्टा कोठे गेला?

येथवरची मांडणी आपल्याला सुखावणारी आहे. परंतु घरात एकत्र राहण्याचे सुख असेल तर एकत्र घराची शिस्तही पाळावी लागते, आणि येथे महाराष्ट्राला चार कडू शब्द ऐकवणे भाग आहे.

होळकरशाहीत आपल्या चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालत असे. त्या काळी प्रत्येक टांकसाळीच्या रुपयाला सराफ वेगळा बट्टा लावत. कोणत्या सरदाराचा कारभार सैल झाला, नाण्यात हिणकस धातू मिसळला जाऊ लागला, हे बाजाराला बट्ट्यावरून ताबडतोब कळे. आज तो बट्टा नाहीसा झाला आहे. महाराष्ट्राचा कारभार चोख असो की ढिसाळ, नाशिकचा रुपया आणि पाटण्याचा रुपया एकाच किमतीचा. राज्ये काढतात त्या कर्जरोख्यांचे व्याजदरही राज्याराज्यांत फारसे वेगळे नसतात, कारण कर्ज देणाऱ्याला ठाऊक असते की, शेवटी केंद्र पाठीशी आहे. म्हणजे रोग झाला तरी ताप चढत नाही. एकचलनाचा हा सर्वांत मोठा धोका आहे. आणि राजकारण अस्थिर झाले की या धोक्याला धुमारे फुटतात.

नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२४ या पाच वर्षांत महाराष्ट्रात मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा घेतली गेली. राष्ट्रपती राजवट आली आणि एका रात्रीत उठली, पक्ष फुटले, चिन्हे गोठली, आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले. ज्या सरकारला पुढच्या अधिवेशनापर्यंत टिकण्याची खात्री नसते, ते वीस वर्षांनी फळ देणारे धरण बांधत नाही. ते पुढच्या महिन्यात खात्यावर जमा होणारी रक्कम जाहीर करते. २०१७ मध्ये ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, २०१९ च्या अखेरीस सरकार बदलताच दुसरी. जून २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत महिना १५०० रुपये जाहीर झाले. वर्षाचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी. त्याच वर्षीच्या निवडणुकीत महायुतीने २१०० चे वचन दिले, तर महाविकास आघाडीने ३००० चे. विधानसभेच्या निवडणुकीचा हा लिलाव कोणत्या पेढीच्या जोरावर चालला होता? ज्या नोटा दोघांनाही छापता येत नाहीत, त्या नोटांच्या जोरावर!

गरीब भगिनीच्या हाती चार पैसे येण्याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न पैसा कोठून येतो हा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट सुमारे ४६ हजार कोटी दाखवली गेली. महसुली तूट म्हणजे कर्ज काढून रोजचा शिधा भरणे. त्याच अर्थसंकल्पात एकूण तूट १ लाख ३६ हजार कोटींची, आणि मार्च २०२६ अखेरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी हाच आकडा तीन लाख कोटींच्या आसपास होता. एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंतच्या अवधीत कर्जाची तिपटीहून अधिक वाढ झाली. यावर अर्थखात्याचे ठरलेले उत्तर असते की, हे कर्ज राज्याच्या उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आहे आणि मर्यादा २५ टक्क्यांची आहे. उत्तर खोटे नाही. पण नदीला पूर किती आला हे पाहणारा शहाणा माणूस केवळ धोक्याची खूण बघत नाही. पाणी कोणत्या वेगाने चढते आहे आणि ते शेताला मिळते आहे की शेत वाहून नेते आहे, हेही बघतो.

आणि बट्टा खरोखर नाहीसा झालेला नाही. त्याने जागा बदलली आहे. तो आता रुपयावर न लागता सरकारच्या शब्दावर लागतो. झालेल्या कामांची देयके थकल्यामुळे २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदार रस्त्यावर आले. त्याच वर्षी लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांचा निधी वळवला गेला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्यालाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. आदिवासी विकास आयुक्तालय आमच्या नाशिकमध्ये आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या वाड्यापाड्यांवरील आश्रमशाळेतल्या मुलांना मतदान नसते, त्यामुळे त्यांच्या वाट्यावर लागलेला बट्टा कोणत्याही निवडणुकीत दिसत नाही. ज्यांची नावे वनवासी कल्याणाच्या व्यासपीठावरून आदराने घ्यायची, त्यांच्याच ताटातून घास काढून दुसऱ्या ताटात वाढायचा, याला अंत्योदय म्हणत नाहीत.

अस्थिरतेची सबब संपली

डिसेंबर २०२४ मध्ये आलेले सरकार प्रचंड बहुमत घेऊन आले. आता उद्याची भीती दाखवून आजची उधळपट्टी झाकता येणार नाही. ‘सरकार आपल्या विचारांचे आहे, मग हिशेब कशाला मागायचा?’ असे म्हणणारे काही हितचिंतक भेटतात. हिशेब आपल्याच माणसाकडे मागायचा असतो. परक्याकडे फक्त तक्रार करता येते. पटेलांनी १९४८ साली आपल्याच मंत्रिमंडळात हिशेबाचा आग्रह धरला होता, तो सरकारविरोध म्हणून नव्हे.

मागणी मोठी नाही. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढणे ठरावीक मुदतीत थांबवावे आणि ती मुदत विधिमंडळात जाहीर करावी. निवडणुकीच्या वर्षात जाहीर होणाऱ्या प्रत्येक योजनेपुढे तिचा पाच वर्षांचा खर्च आणि तो कोणत्या कराने भागणार, हे लिहावे. हे बंधन सत्ताधाऱ्यांइतकेच विरोधकांच्या जाहीरनाम्यालाही असावे. आदिवासी आणि अनुसूचित जातींसाठी राखलेला निधी अन्यत्र वळवण्याची वाट कायद्याने बंद करावी. आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामे करणाऱ्यांना त्यांच्या घामाचे पैसे शाही मिरवणुकीआधी मिळावेत, नंतरच्या वर्षानुवर्षांच्या खेट्यांनी नव्हे.

रुपया हे सरकारचे खेळणे नव्हे. या देशातल्या कोट्यवधी माणसांनी एकमेकांना दिलेला तो शब्द आहे. कराचीने तो शब्द मोडला, निजामाने नाकारला आणि मराठवाड्याने आनंदाने स्वीकारला. नाशिकरोडच्या यंत्रातून आजही रोज त्या शब्दाच्या लक्षावधी प्रती बाहेर पडतात. पाटण्याच्या मजुराने आणि पेठच्या पाड्यावरील विद्यार्थ्याने त्या कागदावर जो विश्वास टाकला आहे, त्याला मुंबईच्या मंत्रालयाने बट्टा लावू नये, एवढेच सांगणे आहे.